टॅब घेऊन वाडीवर जाताना

मी अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आरोग्य सेविका आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाऊस जूनमध्ये बसला की सप्टेंबरपर्यंत उठत नाही, त्या वाड्या माझ्याकडे आहेत. डोंगरी भागात एका उपकेंद्राला ३,००० लोकसंख्या धरतात. आकडा लहान वाटतो, पण ही माणसं एका जागी नसतात. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, तिसरी कड्याच्या पोटात. नोकरीला लागले तेव्हा रजिस्टरं कापडात बांधून डोक्यावर प्लास्टिक घेऊन न्यायचे. आता पिशवीत टॅब असतो.

नव्या रुजू झालेल्या मुली मला फोन करतात. ताई, बाईचं नाव सापडत नाही. ताई, सिंक होत नाही, म्हणजे टॅबमधली नोंद सरकारी पोर्टलवर जात नाही. ताई, सगळं भरलं तरी ऑफिसातून अपूर्ण म्हणून फोन आला. प्रत्येकीला तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी एक सांगते. टॅबमध्ये माहिती भरायला सगळे शिकवतात. भरलेली माहिती वाचायला कोणी शिकवत नाही, आणि आपल्या उपयोगाचं तर तेच आहे. आपल्या टॅबमधलं ‘अनमोल’ अ‍ॅप २०१६ साली आंध्र प्रदेशातून सुरू झालं. नेट नसलं तरी सेविकेला नोंद करता यावी आणि रेंजमध्ये आल्यावर ती नोंद आरसीएच पोर्टलवर, म्हणजे माता-बालकांच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर, जावी, अशी त्याची रचना. आकडे वर जातात हे खरंच, पण त्याच अ‍ॅपमध्ये या महिन्यात कोणाची तपासणी राहिली, कोणाची तारीख जवळ आली, कोणत्या बाळाचा डोस चुकला हेही असतं. ती यादी उघडून न बघता नुसतं भरत राहिलात तर टॅब म्हणजे रजिस्टराचंच ओझं, फक्त चार्ज करावं लागणारं.

आदल्या संध्याकाळची तयारी

वाडीवर जायच्या आदल्या संध्याकाळी रेंज असेल तिथे बसा. आधीची काही नोंद वर जायची राहिली असेल तर ती पाठवा, मग ड्यू लिस्ट, म्हणजे कोणाचं काय राहिलंय त्याची यादी, ताजी करून घ्या. त्या यादीतून उद्याच्या वाडीची नावं वहीत उतरवा. टॅबमधल्या क्रमाने उतरवू नका, चालण्याच्या क्रमाने उतरवा. माझ्या वहीत पहिलं घर शाळेजवळचं, शेवटचं ओढ्यापलीकडचं. दुपारी ओढ्याला पाणी वाढतं, म्हणून पावसाळ्यात हाच क्रम उलटा करते. हे टॅबला कळत नाही, तुम्हाला कळतं.

अ‍ॅपचं अपडेट आलं असेल तर ते प्राथमिक आरोग्य केंद्रात, वाय-फायवर, दुपारच्या निवांत वेळी करा. निघायच्या सकाळी कधीही नको. मी एकदा सकाळी सहाला अपडेट दाबलं. अपडेट झालं, पण अ‍ॅपने लॉगिन पुन्हा मागितलं. तोवर मी खाली दरीत उतरले होते. ओटीपी यायला रेंज नाही, अ‍ॅप उघडेना, आणि अकरा घरांची तपासणी वहीत लिहून रात्री परत भरावी लागली.

आणखी एक. अडचण आली की फोनवरून कोणीतरी सहज सांगतं, ‘अ‍ॅप काढून टाका आणि परत घ्या.’ थांबा. जी नोंद अजून पोर्टलवर गेली नाही ती फक्त तुमच्या टॅबमध्ये आहे. अ‍ॅप काढलं किंवा सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा पुसला की ती गेली, परत येत नाही. माझ्या एका मैत्रिणीचं दोन दिवसांचं सर्वेक्षण असंच गेलं. ती त्याच वाड्यांवर पुन्हा चालत गेली. आधी पेंडिंग नोंदी शून्य झाल्या का बघायचं, मगच अ‍ॅपला हात लावायचा.

पाऊस, ऊन, बॅटरी

आमच्याकडे टॅबचा खरा शत्रू दमट हवा. चेन असलेली जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, आत सुती फडकं ठेवा, आणि ते फडकं रोज बदला. ओल्या बोटाला पडदा नीट ऐकत नाही. आपण पाच दाबतो, तो आठ घेतो. म्हणून आधी हात पुसा, पडदा पुसा, मगच आकडा टाका. पावसात छत्रीखाली उभं राहून नोंद करू नका, ओसरीवर चढा.

टॅब आणि व्हॅक्सिन कॅरियर (लसींची गार पेटी) एका पिशवीत कधीही ठेवू नका. कॅरियरच्या बाहेर पाणी सुटतं. उन्हाळ्यात गाडीच्या सीटवर ठेवलेला टॅब इतका तापतो की आपोआप बंद पडतो, तेव्हा तो सावलीत नुसता ठेवा, गार करायला आईसपॅकजवळ नेऊ नका.

बॅटरीबद्दल एक गोष्ट फार उशिरा समजली. रेंज नसलेल्या दरीत टॅब सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते. दरीत उतरताना विमानाच्या चिन्हाचं बटण दाबून टाका. अ‍ॅप ऑफलाइन चालतंच. वर आल्यावर बटण काढा. एवढ्याने माझा टॅब संध्याकाळपर्यंत टिकायला लागला.

स्वच्छतेचं थोडक्यात: टॅब बंद करून, स्पिरिटच्या बोळ्याने, बोळा नीट पिळून पुसा. ब्लीचचं पाणी लावू नका, पडदा खराब होतो. हातमोजे घालून टॅबला हात लावू नका आणि टॅब हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका. बाळंतिणीच्या अंथरुणावर तर तो टेकवायचाच नाही.

घरात गेल्यावर

टॅब पिशवीतच राहू दे. आधी बसा. पाणी देतील ते प्या. बाईचा चेहरा बघा, पापणी खाली ओढून बघा, पायावर सूज आहे का बघा. विचारा, बाळ फिरतंय का, डोकं दुखतं का, डोळ्यापुढे अंधारी येते का. हे विचारताना तुमचे डोळे पडद्यावर असतील तर ती ‘काही नाही’ म्हणेल आणि तुम्ही ‘नाही’ दाबाल.

रक्तदाब बघायच्या आधी तिला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं. पाणी भरून आलेली, चढ चढून आलेली बाई लगेच मोजली तर आकडा वाढलेला येतो. ती पाच मिनिटं टॅबची. तेवढ्यात तिचं नाव शोधा, मागच्या वेळचं वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब वाचा. मागच्या वेळी ११० होता आणि आज १३६ आला तर अजून १४० झाला नाही म्हणून गप्प बसू नका. चढतोय हे तुम्हाला फक्त मागचा आकडा वाचल्यावर कळेल. रजिस्टरात ही पानं उलटायला वेळ लागायचा, टॅबवर दोन बोटांचं काम आहे. मला टॅब आवडायला लागला तो इथे.

मोजून झालं की पहिली नोंद माता बाल संरक्षण कार्डावर, दुसरी टॅबमध्ये. नव्या मुलींना हा क्रम पटत नाही, दोनदा लिहायचं कशाला म्हणतात. कार्ड तिच्याजवळ राहतं. रात्री दोन वाजता तिला जीपमध्ये घालून नेतील तेव्हा तुमचा टॅब तिच्याबरोबर नसेल. समोरच्या डॉक्टरांना रक्तगट, हिमोग्लोबिन, मागचं सिझर हे त्या कार्डावरच दिसणार आहे.

नाव सापडत नाही तेव्हा

लगेच नवीन नोंदणी करू नका. एका बाईच्या दोन नोंदी झाल्या की अर्ध्या तपासण्या एकीकडे आणि अर्ध्या दुसरीकडे जातात, आणि दोन्ही ठिकाणी ती अपूर्ण दिसते. ऑफिसातून येणाऱ्या ‘अपूर्ण’च्या बऱ्याच फोनांमागे हेच असतं.

सगळ्यात खात्रीचा १२ आकड्यांचा आरसीएच नंबर, तो कार्डावर असतो. तो नसेल तर मोबाइल नंबर टाका, पण लक्षात ठेवा, एका नंबरावर तीन जावांची नोंद असू शकते. मग नवऱ्याचं नाव. मग तिचं नाव, आणि ते वेगवेगळ्या तऱ्हेने. आपल्याकडे आडनाव भांगरे असेल तर इंग्रजीत ते कोणी मधे ‘ए’ घालून लिहितं, कोणी न घालता. हिराबाई कुठे ‘हिरा’ असते, कुठे ‘हिराबाई’ एकत्र, कुठे ‘बाई’ सुटं. पहिलटकरीण असेल तर माहेरचं नाव विचारा. आधार कार्डावर अजून माहेरचंच आडनाव असतं आणि नोंद त्यावरून झालेली असते. आमच्याकडे लग्नात नावही बदलतात, त्यामुळे सासूला विचारलेलं नाव आणि आधारवरचं नाव यांचा काही मेळ नसतो. चार तऱ्हांनी शोधून मिळालं नाही तरच नवीन नोंद.

पाळीची तारीख

या एका तारखेवर टॅबमधलं बाकी सगळं उभं आहे. अ‍ॅप शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून प्रसूतीची तारीख काढतं. १० जून टाकली तर १७ मार्च. त्यावरूनच ठरतं की १२ आठवड्यांच्या आतली नोंदणी झाली का, पुढची तपासणी कधी, यादीत नाव कधी वर यायचं. तारीख चुकली की पुढची प्रत्येक आठवण चुकीच्या दिवशी येते.

‘शेवटची पाळी कधी आली?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘दोनेक महिने झाले.’ ही तारीख झाली नाही. सणावरून विचारा. पोळ्याच्या आधी का नंतर? गणपती बसले तेव्हा तू बाहेरची होतीस का? लावणी चालली होती का उरकली होती? बायका देवाधर्मामुळे ते दिवस नेमके लक्षात ठेवतात. नागपंचमीला वारुळाला गेली नाही, एवढं सांगितलं की कॅलेंडर काढून तिच्यासमोर दिवस पक्का करा. कॅलेंडर मी पिशवीत बाळगते, कारण टॅबच्या कॅलेंडरात सण नसतात. इतकं करूनही नक्की होत नसेल तर अंदाज आहे असं शेऱ्यात लिहा आणि सोनोग्राफी लवकर करून घ्या.

मग तारीख टाकताना महिना पुन्हा बघा. माझ्याकडून एकदा ५ ऑगस्टऐवजी ८ मे पडली, दिवस आणि महिना उलटे. खरी तारीख १२ मे यायला हवी होती, अ‍ॅपने काढली १५ फेब्रुवारी. तिच्या तपासण्यांची आठवण मला तीन महिने लवकर आली. मी गेले तेव्हा पोट लहान दिसलं आणि बाळ वाढत नाही या काळजीने मी तिला घाबरवलं. तिच्या आशाताईने शांतपणे सांगितलं, ‘ताई, गौरी-गणपतीच्या आधी तर हिला कळलंही नव्हतं.’ तेव्हा चूक सापडली. त्या घरी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून अ‍ॅपने काढलेली प्रसूतीची तारीख मी बाईला आणि आशाला मोठ्याने वाचून दाखवते. शिमग्याच्या सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडावर, असं सांगितलं की चूक असेल तर त्या लगेच म्हणतात, छे, इतक्यात कसं होईल.

न मोजलेला आकडा टाकू नका

हे मी हात जोडून सांगते. अ‍ॅप रिकामा रकाना सोडू देत नाही, रक्तदाबाचं यंत्र बिघडलेलं असतं, अंधार पडत असतो, आणि बोट आपोआप १२०/८० कडे जातं. पोर्टलवर ती बाई ठणठणीत दिसते. पुढच्या महिन्यात तिचा १३८ आला तर तुम्हाला खरंच वाढलाय का हे कळायला मागचा खरा आकडाच नसतो. मोजलं नसेल तर भेट अपूर्ण ठेवा, शेऱ्यात ‘यंत्र बंद’ लिहा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगा. अपूर्णबद्दल बोलणी बसतील, ती बसू द्या.

मोजलेला आकडासुद्धा उलटा पडतो. ६.८ आणि ८.६ मध्ये फार अंतर आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली म्हणजे गोळ्या देऊन घरी ठेवायची बाई नाही, तिला दवाखान्यातच न्यायचं. माझ्या भागात नियम केला आहे: यंत्रावरचा आकडा मी मोठ्याने म्हणते, आशा कार्डावर लिहिते, मी कार्डावरून टॅबमध्ये भरते आणि टॅबवरचा पुन्हा मोठ्याने वाचते. बाळाच्या वजनाला रकाना किलोचा आहे का ग्रॅमचा ते आधी बघा. २.१ किलोचं बाळ हे कमी वजनाचं, त्याच्याकडे जास्त वेळा जायचं असतं, आणि एका चुकीच्या टिंबाने ते यादीतून निसटतं.

प्रसूतीची नोंद त्याच दिवशी करा. आशाच्या बाळंतभेटी दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. नोंद आठवड्याने केलीत तर पहिल्या दोन भेटींची आठवण टॅब तुम्हाला देणारच नाही, आणि नाजूक बाळाला सगळ्यात जास्त धोका त्याच दिवसांत असतो.

आणि टॅबवर लाल खूण उमटायची वाट बघू नका. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर, थोड्या वेळाने पुन्हा घेतला तरी तेवढाच, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी, तर टॅब बाजूला ठेवा आणि गाडीला फोन करा, १०२ नाहीतर १०८. नोंद गाडीत बसूनही करता येते. यासाठी कोणत्या वाडीत रेंज कुठे मिळते हे आधीच माहीत हवं. प्रत्येक वाडीत असा एक दगड, एक आंब्याचं झाड, देवळाची एक पायरी असते. कोणत्या जागी कोणत्या कंपनीची रेंज येते ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे. हे पान मी आशांनाही उतरवून दिलं आहे.

तीस वर्षांवरच्यांची तपासणी

रक्तदाब, साखर आणि कर्करोगाच्या तपासणीसाठी ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे सवयी आणि त्रास विचारून धोक्याचे गुण देणारा फॉर्म, भरायचा असतो. गुण ४ च्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. प्रश्न सोपे दिसतात, पण आपल्या भाषेत विचारले नाहीत तर उत्तरं खोटी येतात.

‘तंबाखू खाता का?’ असं म्हातारीला विचारलं की ती कानाला हात लावते. ‘मिसरी लावता का?’ विचारलं की हसून डबी दाखवते. तिच्या मनात मिसरी म्हणजे दात घासणं. रोजची मिसरी म्हणजे रोजचा तंबाखू, त्याचे दोन गुण. मिसरीवालीचं तोंड टॉर्च लावून नीट बघा, गालाच्या आत पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं. कंबरेचा घेर विचारून भरू नका, टेपने मोजा. बाईला ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाला ९० च्या वर गुण सुरू होतात. दारूचा प्रश्न बायकोसमोर विचारू नका, आणि स्तनातल्या गाठीचा, अंगावरून जाण्याचा सासूसमोर नको. तो भाग नंतर भरा, बाईला परसात बोलवून.

पडदा कोण बघतंय

हा भाग घाईने वाचू नका. रजिस्टर आपण मिटून ठेवायचो. टॅबचा पडदा उजेड फेकतो, आणि खेड्यात टॅब उघडला की भोवती पाच पोरं आणि दोन शेजारणी जमतात. एका बाईने घरात न सांगता तांबी बसवून घेतली होती. मी तिच्या ओसरीवर यादी उघडली, मागे तिचा दीर उभा होता, तो शिकलेला. त्याने वाचलं. त्या बाईला पुढे जे सोसावं लागलं त्याचं कारण माझा उघडा पडदा होता. मी आता भिंतीला पाठ लावून बसते. कुटुंब नियोजन, गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही यातलं काहीही दुसऱ्याच्या घरी बसून उघडत नाही. एका बाईची नोंद झाली की यादीवर न थांबता पडदा बंद करते.

टॅबला पासवर्ड लावा आणि तो मागच्या कव्हरवर चिकटवू नका. घरी मुलांना खेळायला देऊ नका. यादीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला कोणी सांगितलं तर नावं, नंबर झाकून फक्त संख्या पाठवा. त्या ग्रुपवर पन्नास माणसं असतात, आणि त्यातल्या एकाच्या फोनवरून ती यादी कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं.

ओटीपीचं असं. आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, काढताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाइल बहुतेक वेळा नवऱ्याजवळ, कामावर असतो. त्याला फोन करून ‘ओटीपी सांग’ म्हणालात तर तो घाबरेल, आणि घाबरणं बरोबरच आहे. ओटीपी कोणाला सांगू नका हे त्याला आपणच गावात सांगत असतो. आधी तुमचं नाव, उपकेंद्र सांगा, बायकोला त्याच्याशी बोलू द्या, कशासाठी हवा ते सांगा. नाही म्हणाला तर सोडून द्या. आभाचा १४ आकडी नंबर ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाची तपासणी किंवा लस थांबवायची नाही, ही गोष्ट बाईला स्पष्ट शब्दांत सांगा.

सिंक करताना

‘सेव्ह झालं’ आणि ‘वर गेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्ह म्हणजे टॅबमध्ये. रेंजमध्ये आल्यावर सिंक दाबा आणि थांबा. रेंज कमी असली की गोल फिरत राहतो, आपला धीर सुटतो, आपण पुन्हा दाबतो. तसं करू नका. पेंडिंगचा आकडा खाली येतोय का तेवढं बघा. वहीतल्या नोंदीवर मी दोन खुणा करते, एक टॅबमध्ये भरल्यावर आणि दुसरी वर गेल्यावर. दुसरी खूण होईपर्यंत त्या पानाला जपते. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑपरेटरजवळ बसून पोर्टलवर माझ्या उपकेंद्राच्या नोंदी वहीशी ताडून बघते. अर्धा तास लागतो. तेवढ्यात निसटलेल्या दोन-तीन नोंदी सापडतातच.

यादी वाचायला शिका

लसीकरणाच्या आधी यादी उघडाल तेव्हा नुसती नावं मोजू नका. कोण पहिल्यांदा चुकलंय आणि कोण सलग चुकतंय ते बघा. दीड महिन्याच्या डोसला आलेलं बाळ अडीच महिन्याला आलं नाही तर बहुतेक पहिल्या डोसनंतर ताप आला म्हणून घरचे घाबरलेले असतात. तिथे निरोप पाठवून भागत नाही, स्वतः जावं लागतं. सलग तीन घरं एकाच वाडीतली चुकली असतील तर त्या दिवशी तिथे काहीतरी होतं, जत्रा, लावणी, नाहीतर कोणाची माती. सत्राचा दिवस बदलून बघा.

मग यादीत कोण नाही ते बघा. टॅबला जे सांगितलं तेवढंच त्याला माहीत. नवी सून आली आणि तिने अजून कोणाला सांगितलं नाही. भावकीत कोणी बाहेरून राहायला आलं. घरी जन्मलेलं बाळ. हे आशाला माहीत असतं. दर सोमवारी मी आशांसमोर त्यांच्या वाडीची यादी मोठ्याने वाचते आणि विचारते, कोणाचं नाव आलं नाही? प्रत्येक वेळी एखादं तरी निघतं.

आमच्याकडची मोठी अडचण म्हणजे दिवाळीनंतरचं स्थलांतर. भातकापणी उरकली की घरंच्या घरं नारायणगावच्या बाजूला शेतमजुरीला जातात. पोटुशी बाई जाते, दोन महिन्यांचं बाळ जातं, आणि माझ्या यादीत ती सगळी ‘राहिली’ म्हणून दिसतात. म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी यादी घेऊन प्रत्येक घरी जाते आणि कोण कुठे जाणार ते लिहून घेते. कार्डावर आरसीएच नंबर ठळक अक्षरात पुन्हा लिहिते, घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये त्यांच्याच हाताने कार्डाचा फोटो काढवते. सांगते, तिकडच्या सिस्टरला हा नंबर दाखव, तिच्याकडे तुझं सगळं निघेल. बाळांच्या लसी आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरण पोर्टलवर, नोंदतात, त्यामुळे तिकडे डोस दिला तरी तो त्याच बाळाच्या नावावर लागतो. मागच्या हिवाळ्यात तिकडच्या एका सेविकेचा मला फोन आला, ‘तुमची बाई माझ्याकडे आली आहे, हिमोग्लोबिन ७.४ आहे, मागचं किती होतं?’ मी टॅब उघडून सांगितलं, ९.१. तिने त्याच दिवशी तिला दवाखान्यात पाठवलं. आम्ही दोघी एकमेकींना कधी भेटलेलो नाही.

बदली झाली तर

टॅब जमा करण्याआधी सगळ्या नोंदी वर गेल्याची खात्री करा आणि तुमचं लॉगिन काढा. पासवर्ड नव्या मुलीला देऊ नका, तिला तिचं लॉगिन मिळेपर्यंत ती वहीत लिहील. जोखमीच्या मातांची यादी तिच्याबरोबर बसून वाचा, एकेका नावापुढे थांबून, आणि शक्य असेल तर त्या घरी तिला घेऊन जा. चार्जर, पॉवर बँक, कव्हर द्या. आणि वहीचं शेवटचं पान तिला उतरवून द्या, ते कोणत्याही अ‍ॅपमध्ये नाही: ओढ्यापलीकडच्या वाडीत देवळाच्या तिसऱ्या पायरीवर, वरच्या वाडीत शाळेच्या मागच्या आंब्याखाली, आणि कड्यापाशी वस्तीच्या वर दहा मिनिटं चढून सपाट खडकावर.